तीनदा म्हणायचा शब्द

मर्लिन आंटी ‘दार’ म्हणाल्या. मग थोडा वेळ डोळे मिटून बसल्या, पुन्हा ‘दार’ म्हणाल्या, आणि तिसऱ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज इतका खाली उतरला की कार्मिन टीचरांच्या हॉलमधला पंखाच तेवढा ऐकू आला. झालं एवढंच. कोणी वर पाहिलं नाही, कोणी खाकरलं नाही. पलीकडे शकूमावशी पुस्तकात बोट घालून आपल्या पाळीची वाट पाहत होत्या, त्यांनी लगेच ‘पाहुना, पाहुना, पाहुना’ असा आपला शब्द लावून दिला, मधे दमसुद्धा न घेता. शेजारी बसलेल्या आंटींच्या कोपराचा स्पर्श लविनाच्या दंडाला होत होता आणि तो दंड काढून घ्यावा की तसाच ठेवावा हे तिला ठरवता येईना. समूहात यायला लागून आंटींना तीन वर्षं झाली होती. या तीन वर्षांत त्यांना लागलेले शब्द म्हणजे ‘देव’, ‘आई’, ‘घर’, फार तर ‘पाणी’. लविनाला त्यांच्या या साध्या भक्तीचं कौतुक वाटायचं. आणि आज दार. तिची पाळी आली तेव्हा तिने समोरच्या पानावर बोट पडेल तो शब्द तीनदा म्हटला. कोणता, ते तिला घरी गेल्यावर आठवेना.

या समूहाची रीत ठरलेली आहे. दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता सोसायटीतल्या आणि आसपासच्या दहाबारा कॅथलिक घरांपैकी एकाच्या घरी जमायचं, गोलात बसायचं, आणि यजमानाच्या डाव्या हातापासून सुरुवात करून एकेकाने एकेक वचन मोठ्याने वाचायचं. वाट्याला येईल ते आपलं. लहान आलं म्हणून सुटलो म्हणायचं नाही, मोठं आलं म्हणून शेजाऱ्याकडे सरकवायचं नाही. उतारा संपला की पाच मिनिटं गप्प बसायचं आणि मग ज्याच्या मनाला जो शब्द लागला असेल तो त्याने तीनदा म्हणायचा. तो का लागला हे सांगायचं नाही, आणि दुसऱ्याने विचारायचंही नाही. हा शेवटचा नियम कार्मिन टीचरांना फार प्रिय. सदतीस वर्षं वर्गात ‘का?’ विचारून त्या इतक्या दमल्या आहेत की आता उरलेल्या आयुष्यात त्यांना कारण म्हणून ऐकायचं नाही, असं लविनाचा नवरा जितेंद्र म्हणतो. तो स्वतः समूहाला येत नाही. रविवारी पाचला त्याला झोप लागते, आणि ती त्याच्या मते ईश्वराचीच देणगी आहे.

आजचा उतारा सगळ्यांच्या ओळखीचा होता. अवेळी एकाच्या घरी पाहुणा येतो, वाढायला काही नसतं, म्हणून तो मित्राच्या घरी भाकरी मागायला जातो. आणि मित्र आतूनच सांगतो की बाबा रे, दार लावून आम्ही निजलोय, आता त्रास देऊ नकोस. लविनाच्या माहेरी, भुईगावला, धर्मशिक्षणाच्या वर्गात सिस्टर हे सांगत तेव्हा पोरं हसायची. असा मित्र वाडीत कोणी पाहिलाच नव्हता. तिथे दिवसाउजेडी दार लोटलेलं दिसलं तर शेजारीण ढकलून आत यायची आणि विचारायची, कोण आजारी आहे का. लविना लग्न होऊन रस्त्यापलीकडच्या या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर आली तेव्हा तिला पहिलं नवल वाटलं होतं ते दाराला मध्यभागी असलेल्या काचेच्या डोळ्याचं. कितीतरी दिवस ती उगीच त्यातून समोरच्या बंद दाराकडे, म्हणजे मर्लिन आंटींच्या दाराकडे बघत बसायची. आज गोलात तिच्या वाट्याला नेमकं आतल्या माणसाचं बोलणं आलं. बाकीचे आपला क्रमांक मोजून वचन आधीच मनातल्या मनात घोकून ठेवतात. लविना मोजत नाही, कारण तिला वाचनाची भीती नाही. देवळातही मोठ्या सणाला पहिलं वाचन तिचंच असतं. अर्धं वाचून झाल्यावर आपण काय वाचतोय हे तिच्या ध्यानात आलं, पण सवयीचा आवाज थांबला नाही. त्याने आतल्या माणसाचा कंटाळा, जांभई, सगळं इतकं झकास उतरवलं की शकूमावशींना हसू फुटलं. आणि मग पाच मिनिटांची शांतता, आणि मग आंटींचा शब्द.

परत येताना आंटींनी नेहमीप्रमाणे तिचा हात धरला. लिफ्टमध्ये त्या म्हणाल्या, “शुक्रवारी तू काय बनवते, बेटा? मी तर सुका जवळा आणून ठेवलाय. उपासाचे दिवस संपेपर्यंत चिकनचं नाव नाही घ्यायचं.” लविना काहीतरी म्हणाली. ती आंटींच्या तोंडाकडे बघत होती. साठी उलटलेला, गोल, थोडा सुजल्यासारखा चेहरा, ओठांवर पुसट लव. इतकी वर्षं रोज पाहिलेला हा चेहरा तिला एकदम वाचता येईना. माहीत असेल यांना? माहीत असून चार वर्षं गप्प राहिल्या असतील, आणि आज जिथे कोणी ‘का’ विचारू शकत नाही तिथे, अकरा माणसांत, शास्त्राच्या आडून, तीनदा सांगितलं असेल? आंटींनी किल्ली फिरवली, “गॉड ब्लेस,” म्हणाल्या आणि आत गेल्या. लविना आपल्या दाराशी उभी राहिली आणि नकळत तिने खाली पाहिलं. दाराच्या खालच्या कडेला आणि फरशीला बोटभर फट होती. ती नेहमीच होती.

चार वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी वीज गेलेली होती. एप्रिल, करोनाची दुसरी लाट, दुपारचे तीन. आदल्या दिवशी बी विंगमधून दोन माणसं नेली होती आणि त्यांतलं एकच परत येणार होतं. जितेंद्र पालघरच्या कारखान्यात चार दिवसांच्या मुक्कामी अडकलेला. उन्नती सहा वर्षांची, जन्मापासून दम्याची; आतल्या खोलीत ओला टॉवेल अंगावर घेऊन झोपलेली, आणि लविना दर दहा मिनिटांनी जाऊन तिच्या छातीला कान लावणारी. दुपारी तीनला दयेची प्रार्थना करायची हा तिचा त्या दिवसांतला नेम होता. हातात माळ होती. तेवढ्यात दार वाजलं. वीज नसल्यामुळे घंटी नव्हती, बोटांची हाडं लाकडावर आपटल्याचा आवाज होता. ती उठली, पावलांचा आवाज न करता गेली आणि काचेला डोळा लावला. मर्लिन आंटी. तोंडावरचा मास्क नाकाखाली घसरलेला, केस मोकळे. “लविना, बेटा, एक मिनिट,” त्या म्हणत होत्या. त्यांच्यामागे त्यांचं दार सताड उघडं होतं आणि आतून खोकण्याचा आवाज येत होता, बावतीस अंकलचा, आंटींच्या नवऱ्याचा. लविनाने कडीवर हात ठेवला. हात ठेवला होता, हे ती स्वतःला पुष्कळदा सांगत आली आहे. कडी गार होती. मग तिला दाराखालची फट आठवली, उजेड आपल्या पाठीमागून येतोय हे आठवलं, आणि तिने एक पाऊल बाजूला घेतलं, भिंतीआड, सावली दिसू नये म्हणून. श्वाससुद्धा धरून ठेवला. कडीवरचा हात भीतीने मागे घेतला म्हटलं तर ते माणसासारखं होतं. पण ते बाजूला घेतलेलं पाऊल? ते तिने विचार करून घेतलं होतं. आंटींनी आणखी काही वेळ वाजवलं. मग चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला, परत वर आला. मग बराच वेळ काही नाही.

काय हवं होतं ते तिला मागाहून कळलं. अंकलना श्वास घेता येत नव्हता, लिफ्ट बंद, खाली फाटकाशी एक रिक्षावाला महामुश्किलीने थांबलेला, पण वर यायला तयार नाही. खुर्चीत बसवून तीन मजले खाली न्यायला आंटींना दोन हात हवे होते, बस. रिक्षावाला पंधरा मिनिटं थांबून गेला. भुईगावहून त्यांचा पुतण्या येईतो सहा वाजले. पाचव्या दिवशी अंकल गेले. तीन तास आधी नेऊन काय फरक पडला असता हे डॉक्टरांनी कोणाला सांगितलं नाही आणि लविनाने कोणाला विचारलं नाही. त्या दिवशी सकाळी फाटकाशी आंटी भेटल्या होत्या तेव्हा ती सहज म्हणाली होती, आज माहेरी भुईगावला जाईन म्हणते. गेली नव्हती. पण ते वाक्य कामाला आलं. पुढे सगळे भेटले तेव्हा ती घरी नव्हतीच असं आपोआप ठरून गेलं. तिला खोटंदेखील बोलावं लागलं नाही.

देवळं उघडल्यावर ती फादरांपुढे पापनिवेदनाला गेली होती. घरून निघताना सगळं सांगायचं ठरवलं होतं. पण गुडघे टेकले आणि सवयीची यादी तोंडातून सुरू झाली: मुलीवर चिडले, दोनदा मिस्सा चुकवली, सासूबाईंबद्दल वाईट बोलले, शेजाऱ्याला मदत केली नाही, प्रार्थनेत लक्ष लागलं नाही. मधे घालून, घडी करून, साड्यांच्या थरात एखादी नको ती वस्तू लपवावी तसं तिने ते ठेवून दिलं. फादरांनी जाळीपलीकडून थकलेल्या आवाजात दहा वेळा नमो मरिया सांगितलं. तिने वीस वेळा म्हटलं. आणि तेव्हापासून ती आंटींची झाली. गोळ्या आणणं, पासबुक भरणं, ती ज्या चष्म्याच्या दुकानात काम करते तिथून त्यांना नवा चष्मा करून देणं, उन्नतीला रोज अभ्यासाला त्यांच्याकडे बसवणं. समूहात त्यांना तिनेच नेलं. त्या मुंबईतल्या कलिन्याच्या, शाळा इंग्रजी, मराठी बोलतात ती बाजारातली. जोडाक्षर आलं की अडतात, आणि शेजारी बसलेली लविना ओठ न हलवता ते त्यांच्या कानात सोडते. इतकं सफाईने की गोलात कोणाला ऐकू येत नाही, असं दोघींना वाटतं. आंटी सगळ्यांना सांगतात, माझ्या पोटची असती तरी एवढं केलं नसतं. हे ऐकलं की लविनाला पाणी प्यावंसं वाटतं.

सोमवारी दुकानात जूचंद्रहून एक आजोबा आले. त्यांना तक्त्यासमोर बसवून तिने डावा डोळा झाकायला सांगितलं. त्यांनी वरपासून खालपर्यंत सगळी अक्षरं धडाधड म्हणून दाखवली, अगदी शेवटच्या ओळीतली, जी धडधाकट तरुणाला दिसत नाहीत. लविनाला संशय आला. तिने तक्ता फिरवला, मागच्या बाजूची अक्षरं समोर केली, आणि आजोबांनी तीच जुनी अक्षरं पुन्हा तशीच म्हटली. आधीच्या गिऱ्हाइकाचं ऐकून पाठ केली होती. “दिसत नाही म्हटलं तर सून आता बाहेर सोडणार नाही,” ते ओशाळून म्हणाले. एरवी तिला हसू आलं असतं. पण तिच्या डोक्यात आलं ते हे, की गोलातही कोण खरं वाचतं, कोण आधीच्याचं ऐकून म्हणतं, कोणाला काय लागतं हे कसं कळणार? माणूस दुखतं तिथे बोट ठेवून बोलतो की जीभ वळेल ते बोलतो? आणि शकूमावशी? त्यांना ‘पाहुना’ का लागला? लेक कॅनडाला आहे, तीन वर्षांत आली नाही. पण हे सुचायला लविनाला सोमवार उजाडावा लागला होता, कारण त्या वेळी ती फक्त स्वतःची सावली बघत होती.

बुधवारी संध्याकाळी घंटी वाजली आणि ती पहिल्या टणत्काराला उघडायला धावली. गेली चार वर्षं ती अशीच धावते. हातातलं टाकून, गॅस तसाच ठेवून, एकदा तर डोक्याला साबण लावलेला असताना. “दाराला चिकटूनच असतेस काय?” जितेंद्र चेष्टा करतो, “कुरिअरवाला घाबरेल एक दिवस.” आंटीच होत्या, वाटीत काहीतरी घेऊन. “उन्नतीला दे,” म्हणाल्या. मग वळता वळता थांबल्या. “रविवारी काय मस्त वाचलं तू. तो आतला माणूस. मला एकदम समोर दिसला.” लविनाने वाटी घट्ट धरली. आंटी हसत होत्या. त्या हसण्यात काही होतं का, की जिन्यातल्या दिव्याने तसं दिसलं? रात्री जेवताना ती जितेंद्रला म्हणाली, मला एक सांगायचंय. त्याने मान वर केली. त्याच्या तोंडात घास होता, डोळे कामावरून आल्यावर असतात तसे भले आणि रिकामे. ती म्हणाली, दुकानाला पुढच्या मंगळवारी सुट्टी आहे. तो म्हणाला, बरं झालं.

तिला आंटींचा राग यायला लागला, ही गुरुवारची गोष्ट. माहीत होतं तर बोलायचं. शिव्या द्यायच्या, दारात येऊन. वाडीत तिच्या आईने असं केलं असतं. विहिरीवर उभी राहून सात घरांना ऐकू जाईल असं आपल्या बोलीत सुनावलं असतं आणि चौथ्या दिवशी माशांचं कालवण पाठवलं असतं. ही कुठली पद्धत, पुस्तकातला शब्द काढून चार वर्षांनी मारायची? आणि ते तीनदा. शुक्रवारी क्रुसाच्या वाटेच्या भक्तीला दोघी एकाच बाकावर गुडघे टेकून होत्या, आणि लविनाच्या मनात आलं की या बाईने मला माफ केलेलं असावं आणि तिला तेच सांगायचं असावं. दार म्हणजे उघडं दार. हा विचार इतका गोड होता की तिला स्वतःचीच शिसारी आली. आपण चार वर्षांत हवं ते वाचायला तेवढे तरबेज झालोय, तिला वाटलं. तिला आता फक्त कळायला हवं होतं. माहीत आहे की नाही, एवढंच. माहीत असेल तर पाय धरता येतील. नसेल तर, नसेल तर काय, हे तिने ठरवलं नव्हतं. नसेल तर सुटलोच की, असं तिने धरलं होतं.

शनिवारी दुपारी ती गेली. आंटींचं दार दिवसा नुसतं लोटलेलं असतं. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्या जवळा निवडत होत्या, आणि बाजूला समूहाचं पुस्तक उघडं होतं, उद्याच्या उताऱ्यावर. लविनाने ते सहज ओढून घेतलं. पानावर ओळींच्या वर पेन्सिलीने बारीक इंग्रजी अक्षरं होती. प्रत्येक अवघड शब्दावर. मागची पानं उलटली, तिथेही तेच, तीन वर्षांची पानं. आंटी लाजल्या. “बघू नको ना. तुझ्यासारखं मला कुठे येतं? मी शनिवारी बसते, बघून बघून लिहिते. तरी तिकडे गेले की सगळं उडून जातं.” मग हसून म्हणाल्या, “आणि तो शब्द बोलायचा असतो ना, मनाला लागलेला, तेव्हा तर माझी वाटच लागते. मी एकदम छोटा शोधते. देव. आई. मागच्या टायमाला काय होता? दार. तो बरा होता, एक काना आणि दोन अक्षरं. टीचरना सांगू नको हां.”

म्हणजे माहीत नव्हतं. लविनाच्या अंगातून आठवडाभराचा ताण एकदम उतरला, इतका की ती खुर्चीत बसली आणि तिला हसू आलं. चष्म्याच्या दुकानात बसून जगाचे डोळे तपासणारी आपण, तीन वर्षं कानात जोडाक्षरं सोडणारी, आणि ही बाई लहान शब्द का निवडते ते आपल्याला कळू नये. ती हसतच जवळा निवडायला लागली. बारीक खडे, शिंपल्यांचे तुकडे वेगळे काढायचे. उन्हं बाल्कनीतून आत आली होती. सगळं नीट होतं. आता घरी जाऊन चहा करायचा, एवढंच उरलं होतं, आणि तरी ती जवळाच निवडत राहिली.

“पण तो शब्द बोलले ना,” आंटी हात न थांबवता म्हणाल्या, “तर मला तो दिवस आठवला. मी तुझं दार ठोकत होते. वेड्यासारखी. मग वर परत आले तर बावतीस विचारतो, लविना कुठाय? मी बोलले, माहेरी गेली असेल. घरी असती तर धावत आली असती. तर तो बोलतो, हां, ती पोरगी तशी आहे.” त्यांनी एक खडा उचलून बाजूला ठेवला. “नंतर त्याला मास्क लावला हॉस्पिटलमध्ये. बोलायला मिळालंच नाही. ते मला बरं वाटतं कधी कधी, की कोणाबद्दल चांगलं बोलून गेला.”

लविनाच्या बोटांना जवळ्याचा वास लागला होता. आता उठावं, असं तिला वाटलं. उठणं सोपं होतं. एका मेलेल्या माणसाने तिच्याबद्दल चांगलं म्हटलं होतं आणि जिवंत बाई त्यावर चार वर्षं समाधान मानत होती. यात कोणाचं काय वाईट होतं? सांगितलं तर कोणाचं भलं होणार होतं? तिचं स्वतःचं. हे तिला लख्ख दिसलं. आणि ते दिसत असताना, त्याला न जुमानता, तिच्या तोंडून तिचा तो देवळातला स्वच्छ, कोणालाही ऐकू जाईल असा आवाज बाहेर पडला.

“मी घरी होते, आंटी.”

आंटींचे हात चालू राहिले. दोन खडे, एक शिंपला. मग थांबले.

“कधी?”

“त्या दिवशी. तुम्ही दार वाजवत होतात तेव्हा. मी दारामागे होते.”

“झोपली होती?”

“नाही. तुम्ही दिसत होतात मला.”

उन्नतीचा दमा, बी विंगमधली माणसं, जितेंद्र नव्हता, हे सगळं लविना बोलायला लागली. ते सगळं खरं होतं. आंटींनी पसरलेल्या वर्तमानपत्रावर तळवा ठेवला, तसा बोलण्यावरही ठेवल्यासारखं झालं आणि लविना गप्प झाली. बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं. आंटी रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर लविनाला काही करता आलं असतं.

“त्याला मी खोटं बोलले म्हणजे,” त्या शेवटी म्हणाल्या. “मरताना.”

“तुम्हाला माहीत नव्हतं, आंटी.”

“आता आहे ना.” त्यांनी पुस्तक आपल्याकडे ओढून घेतलं आणि मिटलं. “चार वर्षं तू नाही बोलली. मग आज कशाला बोलली, लविना? मी काय करू याचं?”

चार वर्षांत त्यांनी ‘बेटा’ न लावता तिचं नाव कधी घेतलं नव्हतं. का, हा प्रश्न विचारायचा नसतो ही रीत गोलातली. ती या टेबलापर्यंत आलेली नव्हती. लविना उठली. तिच्या मागून आंटी म्हणाल्या, “उद्या माझ्या बाजूला बसू नको.”

रविवार शकूमावशींच्या घरी होता. तसं म्हणाल्या तरी आंटी येणारच नाहीत असं लविनाने धरलं होतं. म्हणून तर ती आली. आणि आंटी आधीच येऊन बसलेल्या, चष्मा पुसत. त्यांच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या भरल्या होत्या. लविना समोर बसली, गोलाच्या दुसऱ्या टोकाला. आपण तिथे का बसलो असं कोणी विचारू नये म्हणून तिने उगीच पंख्याकडे बघितलं. उतारा द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा होता. वाचन फिरत फिरत आंटींपर्यंत आलं. त्यांनी बोट ओळीवर ठेवलं आणि सुरुवात केली. लविनाने या वेळी मोजलं होतं. त्यांच्या वचनात तो शब्द आहे हे तिला गोल भरला तेव्हाच कळलं होतं. पहिले चार शब्द नीट गेले. मग ‘द्रा’, आणि थांबल्या. पुन्हा ‘द्रा’. पेन्सिलीची अक्षरं तिथे होती की नाही कोण जाणे. असतील, पण त्यांचे डोळे नुसते त्या जागेवर अडून बसले होते. अकरा माणसं वाट पाहू लागली. कार्मिन टीचरांनी मान पुढे केली आणि आवरली. सगळ्यांच्या नजरा सवयीने आंटींच्या शेजारच्या खुर्चीकडे गेल्या, तिथे दुसरंच कोणी होतं, आणि मग त्या समोर लविनाकडे वळल्या. दोघींची ती कानातली गोष्ट सगळ्या गोलाला पहिल्यापासून माहीत होती, हे लविनाला तेव्हा कळलं.

“सांग ना गो, लविना,” शकूमावशी म्हणाल्या. “कोन सांगनार दुसरं?”

“द्राक्षमळा,” लविना म्हणाली. खोलीभर ऐकू गेलं.

आंटींनी ऐकलं. पण त्यांनी मान वर केली नाही, आणि तो शब्द घेतला नाही. बोट थोडं मागे सरकवून त्यांनी अक्षर धरलं, ‘द्रा’ केलं, मग ‘क्ष’ला दोनदा चुकल्या, तिसऱ्यांदा तो कसाबसा लागला, मग ‘म’, मग ‘ळा’. वेळ लागला. कपाळावर घाम आला. कोणी मधे बोललं नाही. मग सुटे तुकडे जोडून त्यांनी तो शब्द स्वतः म्हटला, थोडा वाकडा, जसा कोणी त्यांना आधी सांगितलाच नव्हता, आणि वचन शेवटपर्यंत वाचून काढलं. वाचन पुढे सरकलं. लविनाने आपल्या पुस्तकात डोळे घातले. ओळी पाण्यात गेल्यासारख्या झाल्या होत्या. तिच्या पाळीला अजून पाच माणसं होती, मग चार, आणि तिला माहीत होतं की पुढच्या रविवारी, त्याच्या पुढच्याही, आंटी येतील, आपणही येऊ, आणि आंटी समोर बसून एकेक अक्षर असंच आपलं आपण लावतील.